चाल पकडायची कशात?

घरात रेकॉर्डिंगचं सामान घ्यायचं म्हटलं की भांडण ठरलेलं असतं. तरुण मुलगा माइक-इंटरफेसची यादी घेऊन उभा राहतो आणि मोठी माणसं म्हणतात, फोन आहे ना, त्यात गा. मिरजेला मी ज्यांच्याकडे पेटी शिकतो त्या बाईंच्या घरी हे भांडण बरोबर उलटं झालं. बाई कवितांना चाली लावतात, मधूनच एखादी बंदिश बांधतात. सुचलेलं टिकावं म्हणून घरच्या घरी चांगली व्यवस्था करायचं त्यांच्या मनात होतं. भाचा मुंबईत साउंड रेकॉर्डिस्ट आहे. तो सुट्टीला आला तेव्हा त्यांनी यादी त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती वाचली, घडी घातली आणि म्हणाला, यातलं काही घेऊ नकोस. पुढचं बोलणं मला आठवतं तसं, जरा सावरून, देतो. मध्येमध्ये मीही तोंड घातलं आहे.

भाचा : लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस, कंडेन्सर माइक, स्टँड, पॉप फिल्टर. आत्या, ही गाणं तयार करून लोकांपुढे आणणाऱ्याची यादी आहे. तुला फक्त सुचलेली चाल धरून ठेवायचीय ना?

आत्या : हो. पण पुरी.

भाचा : तुला चाल सुचते कधी?

आत्या : सांगून थोडीच येते? स्वयंपाक करताना, मुलींना शिकवताना, पहाटे तंबोरा लावताना.

भाचा : मग पोळी तव्यावर असताना तू लॅपटॉप उघडणार? तो अपडेट मागणार. सॉफ्टवेअर सुरू करायचं, नवा ट्रॅक घ्यायचा, इंटरफेसवरचं अठ्ठेचाळीस व्होल्टचं बटण दाबलंय का पाहायचं, नाहीतर कंडेन्सर माइक मुका. मग लेव्हल लावायची. एवढं होईपर्यंत मुखड्याची दुसरी ओळ गेलेली असते आणि पहिली कुठल्यातरी ओळखीच्या गाण्यासारखी व्हायला लागलेली असते. फोन ओट्यावरच असतो. एक बटण दाबलं की झालं.

आत्या : गाते की मी फोनमध्ये. हे ऐक आणि यातला तंबोरा कुठे गेला ते सांग.

त्यांनी फोनवरची एक चाल लावली. सुरुवातीला तंबोरा स्वच्छ ऐकू येत होता. दोन-तीन सेकंदांत तो मागे सरकत गेला आणि गाणं सुरू झाल्यावर जवळजवळ नाहीसाच झाला. ओळ संपून बाईंनी श्वास घेतला की तो फुगून वर यायचा आणि पुन्हा दबायचा. वरच्या षड्जावर गळ्याने घेतलेला जोर कळत होता, पण आवाज काही मोठा होत नव्हता.

भाचा : फोन बोलणं ऐकायला बनवलेला असतो. बोलणं तुटक तुटक येतं. जे अखंड, एकसारखं वाजतं ते फोनच्या हिशेबाने पंखा नाहीतर गाडीचं इंजिन, आणि ते कमी करायचं काम त्याला नेमून दिलेलं असतं. तंबोरा अखंड वाजतो, म्हणून तो पंखा ठरला. दुसरं, बोलणारा जवळ असो की लांब, ऐकणाऱ्याला सारखंच ऐकू यावं म्हणून तो लहान आवाज वर उचलतो आणि मोठा खाली दाबतो. तुझा तार षड्ज त्यात गेला. माइकचा यात दोष नाही. फोनचे माइक दाण्याएवढे असले तरी बरे असतात. ही कापाकापी न करणारं, डब्ल्यूएव्ही फाइल बनवणारं आणि लेव्हल हाताने लावू देणारं अ‍ॅप घे. काही फोनमध्ये हे सगळं पूर्ण बंद करता येत नाही, पण पुष्कळ फोनमध्ये येतं. झूमवर शिकवतेस तिथेही हाच घोटाळा होतो. तिथे ‘ओरिजिनल साउंड’ नावाचा पर्याय आहे, तो चालू कर.

आत्या : या गावच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि मी इथे बसून तंबोऱ्याला पंखा समजणारं यंत्र वापरतेय. तू म्हणतोस पुरे.

भाचा : अ‍ॅप बदललंस तर पुरे. रोलिंग स्टोन्सचा कीथ रिचर्ड्स १९६५ मध्ये रात्री झोपेतून उठला, उशाशी फिलिप्सचा कॅसेट रेकॉर्डर होता, त्यात गिटारवर काहीतरी वाजवून परत झोपला. सकाळी टेप शेवटपर्यंत गेलेली. ऐकली तर दोनेक मिनिटं गिटार आणि पुढची चाळीस मिनिटं त्याचं घोरणं. ती दोन मिनिटं म्हणजे ‘सॅटिस्फॅक्शन’. रेकॉर्डर हाताशी होता, त्या वेळी तो चांगला आहे की वाईट हे कोण बघत बसलंय?

इथे मला राहवलं नाही. ही गोष्ट पुढे नेली की भाच्याच्या विरोधात जाते. स्टुडिओत रिचर्ड्सने ते सूर गिटारला फझ बॉक्स लावून वाजवले, ते फक्त कच्चा आराखडा म्हणून. त्या जागी पुढे ट्रम्पेट-सॅक्सोफोन यावेत असं त्याच्या डोक्यात होतं. तो आराखडाच रेकॉर्ड म्हणून बाजारात गेला, आणि त्या खरखरीत, चिरक्या आवाजाशिवाय ते गाणं आज कुणाला ऐकू येत नाही. सूर लिहून ठेवले असते तर सूर उरले असते. लोकांनी उचलला तो आवाज. मी हे सांगितल्यावर बाई खूश झाल्या. भाचा झाला नाही.

भाचा : ठीक. पण तो आवाज स्टुडिओतला होता, उशाजवळच्या कॅसेटमधला नव्हता. सुचण्याची वेळ आणि आवाज घडवण्याची वेळ वेगळी असते, एवढंच मी म्हणतोय.

आत्या : तुझ्या त्या ‘नेब्रास्का’वाल्याची वेळ वेगळी होती का? तूच ऐकवला होतास.

भाचा : ब्रूस स्प्रिंगस्टीन. तो तर माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. १९८२ ची गोष्ट. न्यू जर्सीत भाड्याच्या घरात बसून त्याने गाण्यांचे कच्चे नमुने केले, साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेणाऱ्या टिअ‍ॅक १४४ पोर्टास्टुडिओवर. ती कॅसेट डबीशिवाय खिशात घालून फिरत होता. नंतर पूर्ण बँड घेऊन न्यूयॉर्कच्या मोठ्या स्टुडिओत तीच गाणी करून पाहिली. मनासारखी झाली नाहीत. शेवटी घरची कॅसेटच रेकॉर्ड म्हणून काढली. घरगुती यंत्र जिंकलं की नाही?

आत्या : पोर्टास्टुडिओ काय तेव्हा सगळ्यांच्या खिशात होता? तो खास त्याच कामासाठी आणवलेला. आणि त्याला माइक कुठले लावले होते?

भाचा : शुअरचे दोन एसएम५७.

आत्या : म्हणजे दोन बरे माइक, स्टँडवर नीट उभे केलेले, आणि गाण्यासाठीच घेतलेलं यंत्र. ओट्यावरचा फोन नव्हे. आणि त्या कॅसेटवरून रेकॉर्ड कापताना नाकी नऊ आले होते, हेही तूच सांगितलंस.

भाचा : आले होते. मास्टरिंगवाल्यांनी डोकं धरलं. पण मला सांग, तुझी चाल काय रेकॉर्ड कंपनीकडे जाणार आहे? ती परत कुणी ऐकणार असेल तर तूच. तुला आठवण हवीय. आठवणीला स्वरलिपीसुद्धा पुरते. भातखंड्यांनी क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत एवढ्या बंदिशी ठेवल्या, त्या कागदावरच ना?

आत्या : पुरते, ज्याला ते गाणं आधी कानावरून गेलेलं आहे त्याला. एरवी गंधारावरचा कण किती ओझरता, मींड कुठे रेंगाळते, हे कागदावरून कुणी गाऊन दाखवावं. स्वरलिपीला मी नावं ठेवत नाही, मी रोज लिहिते. पण चाल लिहून उरते ती तिची वाट. जागा उरत नाहीत.

भाचा : बरं, कागद सोड. भास्करबुवा बखल्यांचा आवाज आज कुठेच ऐकायला मिळत नाही. १९२२ मध्ये गेले. पण १९१६ च्या ‘स्वयंवर’मधल्या त्यांच्या चाली आजही गायल्या जातात, जागांसकट. त्यांच्याकडे कुठलं यंत्र होतं?

आत्या : बालगंधर्व होते.

भाचा हसला. बाई हसल्या नाहीत, त्या पुढे बोलत राहिल्या. या सगळ्या संवादात माझ्या मते खरं काय ते इथे आलं.

आत्या : हसण्यासारखं नाही त्यात. बुवांनी चाल सांगितली की ती घ्यायला समोर बालगंधर्व, मास्टर कृष्णरावांसारखा शिष्य. बुवांच्या तोंडून गेलं ते तिथल्या तिथे दुसऱ्याच्या गळ्यात उतरलं. पुढे रात्रीमागून रात्री रंगभूमीवर गायलं गेलं, तबकड्यांवर आलं. बुवांना काही जपून ठेवायची गरज नव्हती. माझ्यासमोर कोण आहे? मुली येतात, त्यांना परीक्षेचा अभ्यासक्रम असतो, राग ठरलेले असतात. चाल बांधताना मी खोलीत एकटी असते. मी विसरले तर ती दुसऱ्या कुणाकडे नाही. महिन्याभराने फोनमधली एखादी चाल लावते तेव्हा सूर कळतात, पण आपण ती अशी का बांधली होती ते कळत नाही. ‘सावली’ म्हणताना आवाज बारीक केला होता, तो फोनने वर आणलाय. तीव्र मध्यमावर तंबोऱ्याशी काहीतरी झालं होतं म्हणून मी तिथे थांबले होते, आता तंबोराच नाही, म्हणजे मी उगाच थांबलेय असं वाटतं. मग मीच ती सरळ करून टाकते. मला यंत्र असं हवं, की माझी चाल मला त्याच्याकडून परत शिकता आली पाहिजे.

भाचा थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याचा सूर बदलला. वाद घालणारा माणूस गेला आणि कामाला बसलेला रेकॉर्डिस्ट आला. माझ्यासारख्याला खरा फायदा इथून पुढे झाला.

भाचा : हे आधी सांगितलं असतंस तर मी फोनवर एवढा अडलो नसतो. परत शिकायचं तर काय काय ऐकू यायला हवं? षड्ज, शब्द, लहान-मोठा आवाज, लय. तरीही कंडेन्सर, इंटरफेस, लॅपटॉप हा संच मी नकोच म्हणेन.

आत्या : कंडेन्सर गोंगाट फार ओढतो म्हणून?

भाचा : ते दुकानात ऐकलंस. तो आवाजाला जास्त संवेदनशील असतो हे खरं, पण तेवढाच तुझा आवाजही तो मोठा घेतो. एकाच अंतरावर, एकाच दिशेने ऐकणारे दोन माइक ठेवले तर गाणं आणि रिक्षा यांचं प्रमाण दोन्हीत जवळपास सारखंच येतं. फरक अंतराने पडतो. अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज सहा डेसिबलने वाढतो आणि खोलीचा घुमारा होता तेवढाच राहतो. डायनॅमिक माइकवर लोक तोंडाशी धरून गातात म्हणून तो शांत वाटतो, कंडेन्सर हातभर लांब ठेवतात म्हणून त्यात शेजाऱ्यांचा कुकर येतो. यंत्राला पैसे घालण्याआधी वीतभर अंतर ठेवायची सवय लाव.

आत्या : वीतभरावर ठेवला तर माझा गळा येईल. तंबोरा आणि पेटी?

भाचा : तीच तर अडचण आहे. तिघांना एका माइकमध्ये घ्यायचं तर लांब जावं लागतं, आणि लांब गेलं की खोली आत येते. तुझी खोली कशी आहे? खाली शहाबादी फरशी, चारही भिंती उघड्या, वर स्लॅब. टाळी वाजवून बघ.

टाळी वाजवली. टाळीमागे टणत्कारासारखं काहीतरी आलं. मी इतकी वर्षं तिथे पेटी वाजवतोय, हे कधी कानावर आलं नव्हतं. भाच्याने आतल्या खोलीतून दोन गोधड्या आणल्या, एक खिडकीच्या गजांना आणि एक समोरच्या दारावर टाकली, साड्यांच्या कपाटाची दोन्ही दारं उघडली आणि पुन्हा टाळी वाजवली. टणत्कार जवळजवळ गेला होता. खर्जाचा घुमारा मात्र तसाच राहिला. तो गोधडीने जात नाही, त्याला पुष्कळ जाडी लागते, असं तो म्हणाला. पण सुचलेली चाल धरायला तो आड येत नाही. भिंतीवर चिकटवायचे ते काळे फोमचे तुकडे घेऊ का, असं मी विचारलं. त्याने गोधडीकडे बोट दाखवलं, उत्तर दिलं नाही.

आत्या : आणि लॅपटॉपला नकार का? सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं म्हणतात.

भाचा : मिळतं. ऑडासिटी फुकट आहे आणि तुझ्या कामाला पुरून उरेल. पण लॅपटॉप पंख्याचा आवाज करतो. शिवाय इथली वीज पन्नास हर्ट्‌झची. अर्थिंग धड नसलं की अ‍ॅडॉप्टरमधून गुणगुण शिरते, पन्नासची आणि तिच्या पटीतली शंभर, दीडशेची. तू काळी चारमध्ये गातेस ना? तुझ्या तंबोऱ्याचा खर्ज जवळपास एकशे चारवर येतो. म्हणजे शंभरची गुणगुण तुझ्या खर्जापासून पांढरी पाचकडे निम्म्याहून जास्त घसरलेली. बेसूर तंबोरा लावून बसल्यासारखं होईल. लॅपटॉप बॅटरीवर चालवला की बहुतेक वेळा ती जाते, पण हे दर वेळी कोण लक्षात ठेवणार?

ऐकून बाईंचा चेहरा असा झाला की लॅपटॉप यादीतून गेला हे सांगावं लागलं नाही. यूएसबी माइकचा विषय मी काढला. त्यालाही संगणक किंवा फोन जोडावा लागतोच, म्हणून तो तिथेच मिटला.

भाचा : माझ्या मते तुला हातात धरायचा रेकॉर्डर हवा. सेलवर चालणारा, दोन माइक एकमेकांना काटकोनात बसवलेले, आत कार्ड. झूमचा एच-वन एसेन्शियल घे किंवा तशा जातीचा दुसरा. आजच्या भावात दहा-बारा हजारांपासून मिळतात. बटण दाबलं की सुरू. फोन येत नाही, संदेश येत नाहीत, तंबोऱ्याला कुणी पंखा म्हणत नाही. आणि नवीन रेकॉर्डरमध्ये बत्तीस बिट फ्लोट असतं, त्यामुळे लेव्हल लावायचीच नाही.

आत्या : लेव्हल लावायची नाही म्हणजे तो पुन्हा आपल्या मनाने वर-खाली करणार?

भाचा : नाही. उलट आहे. नेहमीच्या चोवीस बिटच्या फाइलला वर एक छत असतं. आवाज त्याला लागला की फाटतो आणि फाटलेला परत शिवता येत नाही. म्हणून आम्ही मोठ्यात मोठा आवाजसुद्धा छताच्या बराच खाली राहील असं बघतो. फ्लोटच्या फाइलमध्ये ते छत इतकं उंच असतं की तुझ्या गळ्याला ते लागणारच नाही. लहान-मोठं जसंच्या तसं राहतं, नंतर सगळंच एकदम वर-खाली करता येतं. फक्त माइक स्वतःच फाटला तर फ्लोट काही करू शकत नाही. तबल्याच्या बायाला चिकटवून ठेवलास तर तसं होईल.

आत्या : पेटीवर ठेवला तर चालेल?

भाचा : अजिबात नाही. सगळे फोन पेटीच्या झाकणावरच ठेवतात. मग पट्ट्यांची खटखट, भात्याची हालचाल, सगळं लाकडातून थेट माइकात जातं. स्टुलावर जाड पंचा घडी करून त्यावर रेकॉर्डर ठेव, भात्याच्या बाजूला नको, तुझ्या तोंडाच्या जरा खाली आणि हातभर पुढे. तंबोरा डाव्या बाजूला, तोही हातभरावर. एकदा जागा ठरली की स्टूल हलवायचं नाही. खाली खडूने खूण करून ठेव.

खडूची खूण त्याच दिवशी झाली. नंतर फरशी पुसताना ती पुसली जाते आणि बाई पुन्हा काढतात.

आत्या : कधी तबल्याचा ठेका कानात लावून गायचं असेल तर? तो ठेका रेकॉर्डिंगमध्ये यायला नको असतो.

भाचा : वायरचे इयरफोन. ब्लूटूथचे नको. हिशेब सांगतो. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे चौतीस सेंटिमीटर जातो. तबलजी सहा फुटांवर बसला तर त्याचा ठेका तुझ्यापर्यंत साधारण पाच मिलिसेकंद उशिरा येतो आणि तुला काही कळत नाही. ब्लूटूथचे बरेच हेडफोन दोनशेच्या आसपास उशीर करतात. म्हणजे तबलजी सत्तर मीटरवर, पार पुढच्या चौकात बसलाय. मिनिटाला एकशे वीस मात्रांची लय असेल तर एक मात्रा पाचशे मिलिसेकंदांची. तू समेवर येशील आणि रेकॉर्डिंगमध्ये जवळपास अर्धी मात्रा मागे दिसशील.

आत्या : मला मागे पडायला यंत्राची गरज नाही.

मग मी सगळ्यात कंटाळवाणा आणि म्हणून सगळेच टाळतात तो प्रश्न काढला. केलेलं नंतर सापडतं कसं? बाईंच्या फोनमध्ये ‘न्यू रेकॉर्डिंग’ या नावापुढे आकडा लावलेल्या फाइलींची लांबलचक रांग होती. त्यात पावसाची एक चाल होती. ती शोधताना त्यांनी अर्धी रांग ऐकली आणि वाटेत दुसरीच एक चाल आवडून तीच गात बसल्या.

भाचा : टाइप करत बसू नकोस, बोल. बटण दाबल्यावर आधी तारीख, पट्टी, ताल आणि कवितेची पहिली ओळ तोंडाने सांग, मग गा. हे काही मी शोधलेलं नाही. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जानचं गाणं तबकड्यांसाठी रेकॉर्ड झालं, त्या गाणं संपल्यावर इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायच्या. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या माणसांना ही बाई कोण हे कसं कळावं? म्हणून आवाजातच नाव. तुझं नाव तुला माहीत आहे, पट्टी सांगितलीस तरी पुष्कळ. तंबोरा त्या दिवशी अर्धा सूर खाली लागला असेल तर सहा महिन्यांनी कळणार नाही.

आत्या : हे मला पटलं. आणि गाण्यानंतर एक ओळ बोलून ठेवीन, ही चाल अशी का केली म्हणून.

भाचा : ते तर फार चांगलं. आम्ही स्टुडिओत ते करत नाही, करायला हवं. आठवड्यातून एकदा कार्डातलं दुसरीकडे उतरवून ठेव. कार्ड एक दिवस जाणारच, आधी सांगून जात नाही.

आत्या : आता एक माझं ऐक. तंबोरा रेकॉर्डिंगमध्ये राहणार.

भाचा : आत्या, तंबोरा कानात लाव, तुझा आवाज कोरा घे. पुढे कुणी संगीत संयोजन केलं, पट्टी बदलावीशी वाटली, तर कोरा आवाज हाताशी असेल. तंबोरा एकदा आत गेला की गेला. नंतर काढता येत नाही.

आत्या : काढायचा कशाला? संयोजन करणारा येईल तेव्हा मी पुन्हा गाईन, कोरं. आज मी जे गाते ते तंबोऱ्याशी बोलून गाते.

भाचा : त्याला तांत्रिक उत्तर नाही.

आत्या : नसू दे.

या एका मुद्द्यावर मी पूर्णपणे बाईंच्या बाजूने आहे, आणि त्यात माझा स्वार्थ आहे. कोऱ्या आवाजावरून मला पेटीवर चाल बसवायला दिलीत तर माझी पहिली पाच मिनिटं षड्ज शोधण्यात जातात. रेकॉर्डिस्टला आवाज कोरा हवा, कारण त्याला पुढचं काम दिसतं. बाईंना पुढचं काम नकोच आहे. त्यांना तो दिवस परत हवा आहे. दोघांना एकच यंत्र चालतं हाच एक योगायोग, आणि तसं पाहिलं तर भाच्याने शेवटी सुचवलेला रेकॉर्डर त्याच्या सुरुवातीच्या मताच्याही विरोधात जातो. तो हे मान्य करत नाही. तो म्हणतो, फोनच, फक्त फोन नसलेला.

भाचा : माझ्याकडचा एक रेकॉर्डर इथे ठेवून जातो. गणपतीपर्यंत वापर. हात आपोआप त्याच्याकडे गेला तर विकत घे. आणि ओट्यावर फोनच राहू दे. तिथे सुचलेलं कच्चं त्यात घे, गाण्याच्या खोलीत आलीस की रेकॉर्डरवर पुन्हा गा.

आत्या : ठेवून जा. मोनो-स्टीरिओचं काय लावून जातोयस?

भाचा : मोनो. चालीला मोनो पुरतं, फाइल निम्मी होते. स्टीरिओमध्ये फ्लोटची फाइल तासाला जवळजवळ दीड जीबी जाते.

आत्या : तंबोरा एका बाजूला, मी मध्ये, पेटी त्या बाजूला. ती एकावर एक रचून काय ऐकू? स्टीरिओ लाव.

भाचा : लावतो. मग कार्ड चौसष्ट जीबीचं घे.